जखमी स्टार परत आला की बेसबॉल टीममधून कोणाला काढायचं हे कसं ठरवतात? फॉर्मात असलेल्यालाही काढतात का?

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय, की जो सगळ्यात वाईट खेळतोय तोच जात असेल. तसं नसतं. ज्याला काढल्यावर पुढच्या तीन-चार महिन्यांत टीमचं सगळ्यात कमी नुकसान होईल तो जातो, मग आज तो .३२० अॅव्हरेजने, म्हणजे जोरदार, मारत असला तरी. आणि याच्याही आधी एक प्रश्न असतो जो विचारायला कोणालाच नको असतो, परत येणारा खरंच परत आलाय का? माझं उत्तर बरंचसं या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच होणार आहे, कारण त्यावरून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

कागदाचा भाग, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे नियम, पटकन सांगते. ऑप्शन, म्हणजे टीमला त्याला मोकळेपणी खाली पाठवायची मुभा, शिल्लक असलेला तरुण पोरगा हमखास ट्रिपल-एला, म्हणजे लगेच खालच्या लीगला, जातो, कारण त्याला दहा दिवसांनी परत आणता येतं आणि मधल्या काळात तो तुमचाच राहतो. ऑप्शन संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर, म्हणजे बाकीच्या २९ टीमपैकी कोणीही उचलून नेऊ शकतो. मोठ्या लीगमध्ये पाच वर्षांची सर्व्हिस झालेला खाली जायला सरळ नाही म्हणू शकतो. रूल फाइव्हमधून, म्हणजे दुसऱ्या टीमचे खालच्या लीगमधले खेळाडू उचलायच्या ड्राफ्टमधून, आणलेला असेल तर त्याला पूर्ण सीझन वर ठेवायचा नाहीतर जुन्या टीमला परत देऊ करायचा. म्हणजे २६ जणांपैकी खरे उमेदवार दोन-तीनच उरतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मॅनेजरने फॉर्मवाल्या पोरावर अन्याय केला.

आता खरं उदाहरण. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, त्यामुळे २०१८ चा मे महिना मला पाठ आहे. बॉस्टनच्या टीमचा, रेड सॉक्सचा, सेकंड बेसमन डस्टिन पेड्रोया गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत येणार होता. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये बाल्टिमोरला मॅनी मचाडो सेकंड बेसवर घसरत त्याच्या पायावर आला, तिथून तो गुडघा गेला, ऑक्टोबरमध्ये कार्टिलेजचं ऑपरेशन झालं. तो येणार म्हणजे एक जण जाणार, आणि सगळे धरून चालले होते की ब्लेक स्वाइहार्ट जाणार, कारण त्याला कोणी खेळवतच नव्हतं. पण स्वाइहार्टचे ऑप्शन संपलेले होते, तो कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) होता, तरुण होता, एकदा सोडला की गेला. २५ मेला रेड सॉक्सनी डीएफए केलं, म्हणजे टीमच्या यादीतून काढलं, हॅन्ली रामिरेझला! सीझनभर लाइनअपमध्ये तिसऱ्या नंबरवर खेळणारा माणूस, चार वर्षांचा ८८ मिलियन डॉलरचा करार, त्या वर्षीचे साधारण १५ मिलियन अजून द्यायचे बाकी. अॅव्हरेज .२५४, शेवटच्या वीसेक अॅट-बॅटमध्ये एकही हिट नाही. शिवाय त्याच्या करारात कलम होतं की त्या सीझनमध्ये ४९७ प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या पाळ्या) झाले की २०१९ चे २२ मिलियन आपोआप लागू. टीमने सांगितलं की निर्णय खेळाच्या कारणाने झालाय, मॅनेजर अॅलेक्स कोरानेच टीम बनवणाऱ्या प्रमुखाला, डेव्ह डोंब्रोव्स्कीला, हे सुचवलं होतं. पण ते २२ मिलियन कोणाच्या डोक्यात नव्हते यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

माझं ठाम मत, हॅन्लीला सोडणं बरोबर होतं. फर्स्ट बेसला मिच मोरलंड होता, डीएचला, म्हणजे फक्त बॅटिंग करणाऱ्याच्या जागी, जे. डी. मार्टिनेझ होता, रोज खेळायची सवय असलेल्या माणसाला बाकावर बसवून कोणाचंच भलं होत नाही. त्या रिकाम्या जागी जूनच्या शेवटी टोरोंटोकडून स्टीव्ह पीअर्स आला आणि तोच पुढे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे लीगच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. टीम १०८ मॅच जिंकली. पण पेड्रोयाचं काय झालं ते कोणी सांगत नाही. तो तीन मॅच खेळला, ११ पैकी १ हिट, गुडघा सुजला, परत जखमींच्या लिस्टवर, सीझन संपला. पुढच्या वर्षी सहा मॅच, आणि मग कधीच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी जागा केली तो आलाच नव्हता. २००८ चा एमव्हीपी, वर्ल्ड सिरीज जिंकल्याच्या दोन रिंगा, आमच्या भागातली अर्धी पोरं पंधरा नंबरचा शर्ट घालायची, त्याला तोंडावर कोण सांगणार की अजून थांब?

आता घरचं. पुढच्याच उन्हाळ्यात आमचा मुलगा बारा वर्षांचा, ट्रॅव्हल टीममध्ये (बाहेरगावच्या टूर्नामेंट खेळणाऱ्या टीममध्ये) शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर, आणि मधूनमधून पिचर, म्हणजे बॅटरला बॉल फेकणारा. त्या टीमचं स्कोअरबुक माझ्याकडे असायचं, आणि हे मी अभिमानाने सांगते कारण माझे बाबा मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगच्या मॅचेसना स्कोअरर असायचे, भर पावसाळ्यात छत्री धरून वही कोरडी ठेवायची हे मी दहा वर्षांची असल्यापासून बघितलंय. बाकीचे पालक फोनवर अॅपमध्ये टिचक्या मारायचे, मी पेन्सिलने लिहायचे, एकूण एक पिच. मेमध्ये मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूची ग्रोथ प्लेट दुखावली, या वयाच्या पिचिंग करणाऱ्या पोरांना हे फार होतं, डॉक्टरने फेकणं पूर्ण बंद केलं. त्याच्या जागी कोचने बी टीममधून एक डावखुरा मुलगा वर घेतला. तो शॉर्ट खेळणारा नव्हता, तो फर्स्टला उभा राहिला आणि फर्स्टवाला शॉर्टला गेला. बारीक चणीचा, मोठे फटके अजिबात नाहीत, पण त्याची नजर अशी की बाहेरच्या बॉलला बॅट हलायचीच नाही. माझ्या वहीत तो जवळजवळ निम्म्या वेळा बेसवर होता. टीम जिंकायला लागली ती त्याच्यामुळे असं मी म्हणणार नाही, पण तो बेसवर असताना पुढचे बॅटर चांगल्या पिचवर खेळायचे हे वहीत ढळढळीत दिसत होतं.

जुलैची मोठी टूर्नामेंट जवळ आली. रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, बारा मुलांचा, नावं एकदा दिली की बदलता येत नाहीत. आमच्या मुलाला बॅटिंगची परवानगी मिळाली होती, फेकण्याचा कार्यक्रम मात्र चालू होता, आधी जवळून, मग लांबून, आणि शेवटी शॉर्टच्या जागेवरून पूर्ण जोरात, तो शेवटचा टप्पा बाकी होता. मी कोचला स्वतः जाऊन सांगितलं की याला या टूर्नामेंटला घेऊ नका, तो तयार नाहीये, आई म्हणून सांगतेय आणि स्कोअरर म्हणूनही सांगतेय. कोच म्हणाला, तो आमचा शॉर्टस्टॉप आहे, जखमी झाला म्हणून कोणाची जागा जात नाही. हे वाक्य या खेळात देवाचं वचन असल्यासारखं म्हणतात. मग १९२५ मध्ये न्यू यॉर्क यांकीजच्या फर्स्ट बेसमनचं, वॉली पिपचं, काय झालं? एकदा त्याच्या जागी लू गेरिग फर्स्टला उभा राहिला तो सलग २,१३० मॅच खेळला आणि पिपला सीझननंतर सिनसिनाटीला विकलं.

घरी आल्यावर नवरा कोचच्याच बाजूने. "अगं, आपल्याच पोराची जागा तू कशाला घालवतेस?" मी म्हटलं, जागा घालवत नाहीये, पंधरा दिवस पुढे ढकलतेय. नवरा डोंबिवलीचा, म्हणजे अजिंक्य रहाणेच्या गावचा, आणि त्याच्याकडे एकच दाखला असतो. २०१६ च्या डिसेंबरमध्ये करुण नायरने चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या आणि फेब्रुवारीत हैदराबादला बांगलादेशविरुद्धच्या पुढच्याच टेस्टला तो बाहेर, कारण बोटाची दुखापत बरी होऊन रहाणे परत आला होता. कोहली तेव्हा म्हणाला की एका मॅचमुळे रहाणेची दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही. रहाणेने त्या टेस्टमध्ये ८२ केल्या. नवऱ्याच्या मते विषय तिथेच संपतो.

माझ्या मते संपत नाही. एक तर रहाणे पूर्ण बरा होता, आमचा मुलगा नव्हता, हे त्याच्या दाखल्यात बसतच नाही. दुसरं, नायर टीमबाहेर फेकला गेला नव्हता, स्क्वाडमध्येच होता आणि पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळलाही. बेसबॉलमध्ये काढला म्हणजे लॉकर रिकामा. आणि तिसरं, नायर त्या सिरीजनंतर जो गेला तो थेट २०२५ ला इंग्लंडमध्ये परत टेस्ट खेळला, मधल्या वर्षांत "आणखी एक संधी दे" असं क्रिकेटलाच उद्देशून लिहायची वेळ त्याच्यावर आली. ३०० मारलेल्या माणसाला "जागा तुझी नव्हतीच" असं एकदा दाखवलं की त्याचं काय होतं याचा हिशोब कोणी मांडत नाही.

तर टूर्नामेंट. कोचने डावखुऱ्याला काढल्याची मेल रात्री उशिरा त्याच्या वडिलांना पाठवली, वडील कामासाठी बाहेरगावी होते, त्यांनी बघितली नाही, आणि सकाळी आई त्याला घेऊन मैदानावर हजर. मी डगआउटच्या टोकाला बसून लाइनअप कार्डावरून वहीत नावं उतरवत होते, तो माझ्याजवळ येऊन विचारतोय मी आज कितव्या नंबरवर आहे. कोच लांब उभा राहून ग्राउंडवाल्याशी बोलत राहिला. मी त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, तिने एक शब्द न बोलता त्याची बॅग उचलली. मला आजही त्या कोचचा राग आहे आणि तो जाणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोराला तोंडावर सांगायची हिंमत नसेल तर टीम निवडायचं काम घेऊ नये.

आमच्या मुलाने दोन मॅच शॉर्टवरून कशातरी काढल्या, फर्स्टकडचे थ्रो टप्पा पडून जात होते, मी वहीत एरर लिहीत होते, पोटच्या पोराच्या नावापुढे, आणि खोडलं काही नाही. तिसऱ्या मॅचमध्ये एक थ्रो करून तो कोपर धरून खाली बसला. त्याचा तो उन्हाळा संपला. पुढच्या टूर्नामेंटसाठी कोचने डावखुऱ्याला फोन केला तर तो तोवर दुसऱ्या गावच्या टीमकडे गेला होता. गेला ते चांगलंच केलं. म्हणजे जो तयार नव्हता तोही गेला आणि जो तयार होता तोही गेला. नवरा म्हणतो ही नशिबाची गोष्ट. यात नशीब कुठे आलं, डॉक्टरने लिहून दिलेला टप्पा बाकी होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर. आधी येणाऱ्याला तपासा. नियमाने बॅटरला रिहॅबसाठी, म्हणजे खालच्या लीगमध्ये मॅच खेळून सावरायला, वीस दिवस मिळतात, ते सगळे वापरा, लागोपाठ दोन दिवस फील्डवर पूर्ण नऊ इनिंग खेळून तिसऱ्या दिवशी तो कसा उठतो ते बघा, एका होमरनवर भुलू नका. या वीस दिवसांचा दुसरा फायदा म्हणजे बऱ्याचदा तेवढ्यात दुसऱ्या कोणाचं तरी हॅमस्ट्रिंग जातं आणि कोणाला काढायचं हा प्रश्नच उरत नाही, जनरल मॅनेजर लोक गप्प बसून याचीच वाट बघत असतात. तरी प्रश्न उरलाच तर परत मिळणार नाही अशाला शेवटपर्यंत हात लावू नका. आणि नाव मोठं म्हणून कोणाला वाचवू नका, करार कितीचा आहे ते तर बघूच नका, ते पैसे खेळवला काय आणि सोडला काय, गेलेलेच असतात.

हां, पण स्वाइहार्टचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, नाहीतर नवरा सांगेलच. त्याला जपून ठेवला, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये दुसरा कॅचर सँडी लिओनला वर आणायला त्यालाच डीएफए केलं, अॅरिझोनाला गेला. म्हणजे जपलेला माणूस पुढे उपयोगी पडतोच असं नाही. माझा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही, २०१८ च्या जुलैमध्ये कॅचर क्रिस्टियन वाझकेझचं बोट मोडलं तेव्हा तो हाताशी होताच, पण फार मोठी अपेक्षा धरू नये.

मोठ्या लीगची आणि पोरांच्या टीमची सरसकट तुलना होत नाही हेही मान्य. तिथे कमीत कमी पगार २०२५ ला ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे रोस्टरवरच्या शेवटच्या माणसालाही एका दिवसाचे चार हजारांच्या वर, आणि पेन्शनसाठी ४३ दिवसांची सर्व्हिस लागते, तर चाळिसाव्या दिवशी खाली पाठवलेल्याला काय वाटत असेल याचा विचार करा. पोरांच्या टीममध्ये हे काही नसतं, तिथे उलट पालकच पैसे भरत असतात, त्यामुळे तिथे कोणाला काढूच नये, बेंचवर बसवा पण शर्ट काढून घेऊ नका, असं माझं मत आहे.

आणि वरचं सगळं बॅटरपुरतं आहे. पिचरचं गणित वेगळं, त्यांना रिहॅबला तीस दिवस मिळतात, एका वेळी १३ पेक्षा जास्त पिचर ठेवता येत नाहीत, आणि बुलपेनमध्ये, म्हणजे मॅचच्या मध्ये उतरणाऱ्या पिचरांमध्ये, काल कोणी दोन इनिंग टाकल्या एवढ्यावरूनसुद्धा आज कोण खाली जाणार ते ठरतं. तुमच्या टीमचा परत येणारा माणूस पिचर असेल तर तसं खाली लिहा, मग त्याबद्दल वेगळं लिहीन.