चिव्हिता बघायचं तर आधी टेकडी वाचा

इटलीतल्या छोट्या गावांचा अभ्यास नव्याने सुरू करताय, तर पहिलं गाव म्हणून रोमच्या उत्तरेचं, लात्सिओ प्रांतातलं चिव्हिता दी बान्योरेजो घ्या. सनावळ्या तूर्त बाजूला ठेवा. गाव ज्या टेकडीवर आहे तिच्यात वर ज्वालामुखीच्या राखेचा तूफा दगड आणि त्याखाली समुद्रतळाशी साचलेली जुनी चिकणमाती, एवढं आधी नीट समजून घ्या. दोन्ही बाजूंचे ओढे आणि पाऊस ही माती खालून कुरतडत राहतात; आधार सुटला की वरचा दगड कड्यासकट कोसळतो. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा इथलेच, त्यांचं जन्मघरसुद्धा असंच दरीत गेलं.

एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेले लोक, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इथे वसले. उंचावर संरक्षण मिळे, शिवाय तूफा कोरायला सोपा. खडकात खोदलेल्या त्यांच्या गुहा चुकवू नका. चौकातल्या चर्चइतकाच वेळ त्यांना द्या, माझ्या मते जास्तच. 1695च्या भूकंपानंतर बिशप आणि कारभार शेजारच्या बान्योरेजोला गेले आणि वस्ती ओसरत गेली. आज बारमाही राहणारे मोजकेच.

बान्योरेजोकडून गावात नेणारा सध्याचा पादचारी पूल 1965चा. 2013पासून प्रवेशशुल्क आहे, ते बिनतक्रार भरा. पूल चढण्याआधी मात्र बान्योरेजोच्या बाजूला थांबून उघड्या कड्यातले थर ओळखायचा प्रयत्न करा. पुस्तकातली आकृती तिथे समोर उभी असते. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर जा.