जुनं गिऱ्हाईक, नवी गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आधीच्या दोन्ही गाड्या एकाच शोरूममधून घेतल्या. आता तिसरी घ्यायची आहे. सेल्समन म्हणतो, "तुम्ही तर घरचेच, तुम्हाला यापेक्षा कमी भाव कुणी देणार नाही." दुसरीकडे चौकशी केली तर त्यांना वाईट वाटेल का?

वाटलं तरी करा. नव्या गाडीवर सूट का मिळते, हे एकदा समजून घेतलं की हा संकोच आपोआप जातो. नव्या गाडीच्या विक्रीत शोरूमला सुटणारा नफा तसा पातळ असतो. त्यांची खरी कमाई वर्कशॉप, सुटे भाग, कर्जावरचं आणि विम्यावरचं कमिशन, अॅक्सेसरीज आणि एक्स्टेंडेड वॉरंटी यांतून होते. गाड्या शोरूम बहुतेक वेळा उसन्या पैशांवर उचलतं, त्यामुळे यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढत असतं. शिवाय कंपनी महिन्याचं किंवा तिमाहीचं उद्दिष्ट देते आणि ते गाठलं तर वेगळा बोनस मिळतो. सूट ठरते ती या तीन गोष्टींवर : गाडी किती दिवस उभी आहे, त्या मॉडेलला उठाव आहे का, आणि उद्दिष्टाला किती गाड्या कमी पडताहेत. तुमच्या ओळखीला यात फारशी जागा नाही. उलट, हा माणूस कुठे जात नाही, अशी खात्री असलेल्या गिऱ्हाइकाला भाव कमी करून देण्याची घाई कुणालाच नसते.

चौकशी करताना तोंडी आकडा घेऊ नका. तेच मॉडेल, तेच व्हेरियंट, तोच रंग आणि शक्यतो तोच उत्पादनाचा महिना सांगून लेखी कोटेशन मागा. त्यात गाडीची किंमत, कर व नोंदणी, विमा, अॅक्सेसरीज, वॉरंटी, हाताळणी शुल्क आणि सूट या सगळ्यांच्या ओळी वेगळ्या हव्यात. सूट एका ओळीत द्यायची आणि तेवढीच रक्कम "बेसिक किट"च्या नावाखाली दुसऱ्या ओळीत वसूल करायची, हा प्रकार नेहमीचा आहे. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, अंडरबॉडी कोटिंग यांतलं काय नको, ते ओळ खोडून सांगा. हाताळणी शुल्क नेमकं कशाचं, हेही विचारा. समाधानकारक उत्तर आलं नाही तर तीही ओळ खोडायला सांगा. तुलना शेवटच्या बेरजेची करा, सुटीच्या आकड्याची नाही.

दुसरं कोटेशन हातात आलं की जुन्या शोरूमला ते दाखवा आणि एक संधी द्या. फरक किरकोळ असेल आणि तिथलं वर्कशॉप चांगलं असेल, तर तिथेच घ्या. गाडी एकदाच घेतली जाते, पण वर्कशॉपमध्ये ती पुढची कित्येक वर्षं जाते.

प्रश्न : जुनी गाडी देऊन नवी घेतोय. जुनीची किंमत चांगली मिळाली. कर्जही शोरूमनंच ७ टक्क्यांनी लावून दिलं. सगळं एका छपराखाली झालं. यात काही डोळ्याआड राहिलं का?

बरंच काही राहिलेलं असू शकतं. जुनी गाडी, नवी गाडी आणि कर्ज हे तीन स्वतंत्र व्यवहार आहेत. ते एकत्र केले की एका खिशातली रक्कम दुसऱ्या खिशात सरकवणं सोपं जातं. जुनीला जादा भाव मिळाल्याचा आनंद बहुतेकदा नवीवरच्या सुटीतून वजा झालेला असतो. म्हणून आधी जुनी गाडी देणार असल्याचं न सांगता नवीचा भाव लेखी ठरवून घ्या. जुनीची किंमत निदान दोन ठिकाणी काढा आणि मग एक्सचेंजचा विषय काढा. एक्सचेंज बोनस कंपनीकडून असेल तर तो जुनीच्या किमतीत न मिसळता वेगळा लिहून घ्या.

कर्जाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा : ७ टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट दरात पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लागतं, तुम्ही अर्धं कर्ज फेडलेलं असलं तरी. घटत्या शिलकीत मात्र फेडायच्या उरलेल्या रकमेवरच लागतं. १०० च्या कर्जावर ७ टक्के फ्लॅटनं ५ वर्षांचं व्याज ३५ होतं. म्हणजे ६० हप्त्यांत १३५ फेडायचे आणि दर हप्ता २.२५. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशेबानं मांडला तर दर साधारण साडेबारा टक्के निघतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंडही विचारून घ्या. आपल्या बँकेचं कोटेशन शेजारी ठेवलं की शोरूमचा दरही पुष्कळदा खाली येतो.

प्रश्न : गाडी नवी म्हणून दिली, पण ती बरेच दिवस यार्डात पडून होती अशी शंका आहे. डिलिव्हरीच्या आधी काय काय तपासावं?

तपासणी नोंदणीच्या आधी करायची, हार-पेढ्यांच्या वेळी नाही. गाडी तुमच्या नावावर चढली की बोलायला जागा फार कमी उरते. उजेडात जा आणि गाडी कोरडी आणि धुतलेली असू द्या.

आधी चॅसिस नंबर. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. गाडीवर कोरलेला, प्लेटवरचा आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, ते अक्षर अन् अक्षर जुळवा. उत्पादनाचा महिना कंपनीच्या प्लेटवर असतो किंवा नंबरातल्या संकेतात दडलेला असतो. ते संकेत कंपनीगणिक वेगळे असल्यानं महिना बिलावर किंवा पत्रावर लिहून मागावा.

टायर बरंच काही सांगून जातात. बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. चारही टायर एकमेकांच्या जवळच्या आठवड्यांतले आणि गाडीच्या उत्पादनाच्या थोडे आधीचे असले पाहिजेत. एखादाच टायर बराच नंतरचा असेल तर तो का बदलला, ते विचारा. स्टेपनीही बघायला विसरू नका.

बॅटरीकडे लोक सहसा बघत नाहीत, आणि उभ्या गाडीत सर्वात आधी मार खाते ती तीच. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास बंद असताना १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी उतरलेली. उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि चार्ज करूनही तिची पूर्ण ताकद परत येत नाही. अशी बॅटरी बदलूनच मागावी.

ओडोमीटरवर काही किलोमीटर असणारच, कारण गाडी यार्डात हलते, तपासणीत चालते. पण आकडा शेकड्यांत गेला असेल तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरलेली किंवा दुसऱ्या गावाहून चालवत आणलेली असू शकते. डेमो गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त ती डेमोच्या भावात मिळाली पाहिजे आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते लेखी हवं.

रंगाच्या थराची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्यातला रंग बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. एकाच दारावर २५० दिसत असतील तर तिथे पुन्हा रंग मारलेला आहे. मीटर नसेल तर दार, बॉनेट आणि डिकीच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. त्यांच्या कडांवरचा रंग पान्यानं उडालेला दिसला तर तो भाग कधीतरी उघडला आहे.

ब्रेक डिस्कवरच्या तांबूस गंजाला मात्र घाबरू नका. पावसात किंवा धुतल्यावर एका रात्रीत तो येतो आणि चार ब्रेक मारले की जातो.

प्रश्न : दर सर्व्हिसिंगला सर्व्हिस अॅडव्हायझर काही ना काही जादा काम सुचवतो. नाही म्हटलं तर वॉरंटी जाईल अशी भीती दाखवतो. विश्वास ठेवायचा तरी कशावर?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्यावर. वॉरंटीसाठी जे करावं लागतं ते सगळं त्या तक्त्यात किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशेबानं दिलेलं असतं. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग ही कामं तिथे नसतील तर ती न केल्यानं वॉरंटी जात नाही. अॅडव्हायझर ठाम असेल तर जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि करायची कामं नोंदवण्याचा वर्कशॉपचा कागद, पुढे करून म्हणा, "हे न केल्यास वॉरंटी रद्द होईल, असं जॉब कार्डवर लिहून द्या." बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. अॅडव्हायझरवर राग काढण्यात अर्थ नाही. अनेक ठिकाणी त्याला अशा कामांचंही महिन्याचं उद्दिष्ट दिलेलं असतं.

याउलट तक्त्यातली कामं टाळू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब घाटउतारावर तापल्यावर पेडल मऊ पडतं. म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कमी चाललेली असली तरी.

"पॅड संपत आलेत" असं ऐकलं की मिलिमीटर विचारा. नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलायचा. ६ मिलिमीटर शिल्लक असताना बदलायला सांगणाऱ्या वर्कशॉपचं पुढचं प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं लागेल.

जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहा. "आवाज येतो" यातून मेकॅनिकला काहीच कळत नाही. "गाडी थंड असताना, डावीकडे वळताना, पुढून कट-कट आवाज, साधारण २० च्या वेगात" असं लिहिलं की निम्मं निदान तिथेच होतं. त्याखाली दोन ओळी घाला : अंदाजापेक्षा जास्त खर्च फोन करून विचारल्याशिवाय करू नये, आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत. वॉरंटीत बदललेला भाग बहुधा कंपनीकडे परत जातो, तो मागू नका. पैसे देऊन बदललेला भाग मागण्यात गैर काही नाही. जो वर्कशॉपवाला न मागता जुना भाग पिशवीत घालून डिकीत ठेवतो, त्याच्याकडे पुन्हा जावं.

प्रश्न : वॉरंटी संपून दोनच महिने झाले आणि गिअरबॉक्समध्ये मोठा बिघाड निघाला. इतकी वर्षं तिथेच सर्व्हिसिंग केलं, त्याचा काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि शोरूमशी राखलेल्या संबंधाची किंमत वसूल होण्याची जागा हीच. वॉरंटी संपल्यानंतर लगेच आलेल्या मोठ्या बिघाडात कंपन्या कधी कधी खर्चाचा काही वाटा स्वतःहून उचलतात. याला गुडविल क्लेम म्हणतात. तो हक्क नाही, त्यामुळे भांडून मिळत नाही. पण गाडीचं वय, किलोमीटर, सर्व्हिसिंगच्या तारखा आणि वर्कशॉपची शिफारस यांना त्यात वजन असतं.

दुरुस्ती सुरू करण्याआधी अर्ज करा. एकदा बिल भरलं की प्रकरण थंड होतं. अर्ज सर्व्हिस मॅनेजरच्या हाती द्या आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलनं पाठवा. सोबत चॅसिस नंबर, सर्व बिलांच्या प्रती आणि निदानाचा अहवाल फॉल्ट कोडसह (गाडीच्या संगणकानं नोंदवलेल्या बिघाडाच्या संकेतांसह) जोडा. वॉरंटीच्या काळात याच त्रासाची तक्रार कुठल्या जॉब कार्डवर नोंदली गेली असेल तर ते कागद सगळ्यात वर ठेवा. वॉरंटीत नोंदवलेली आणि तेव्हा नीट न सुटलेली तक्रार गुडविलच्या पुढे जाते, तिथे तुमची बाजू हक्काची होते. म्हणूनच गिअर अडकतो, धक्का बसतो अशी बारीकसारीक कुरबुरही वॉरंटी चालू असताना तोंडी न सांगता कार्डवर चढवावी. पूर्ण खर्च मिळाला नाही तर सुटे भाग कंपनीचे आणि मजुरी तुमची, अशा वाटणीचा आग्रह धरा.

प्रश्न : डिलिव्हरीनंतर कंपनीकडून फोन येईल, त्यात दहापैकी दहाच द्या, अशी सेल्समन गळ घालतो. काय करावं?

ही गळ कशासाठी असते ते आधी सांगतो. २००३ मध्ये फ्रेड रायकेल्ड या अमेरिकी व्यवस्थापन सल्लागारानं ग्राहकांचं समाधान मोजण्यासाठी मांडलेल्या आणि आता जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ९ आणि १० देणारेच समाधानी धरले जातात, ७-८ ला किंमत नाही आणि ० ते ६ नाराज. म्हणजे तुम्ही सढळ हातानं दिलेला ८ सेल्समनच्या खात्यात जमाच होत नाही, आणि त्याचा इन्सेन्टिव्ह या गुणांना जोडलेला असू शकतो.

गुण खरे द्या, पण तक्रार असेल तर फोन येण्याआधीच मॅनेजरला लेखी कळवा. राहिलेली दुसरी किल्ली, न बसवलेला मडफ्लॅप, न मिळालेली मूळ बिलं ही कामं सर्वेक्षणाच्या आधी फार झटपट होतात. सेल्समननं स्वतः चांगलं काम केलं असेल आणि घोळ हिशेब विभागानं घातला असेल, तर फोनवर तसंच नावानिशी सांगा. काही शोरूम फोनऐवजी तुमच्याच मोबाइलवर आलेल्या लिंकवर स्वतः गुण भरून टाकतात. तो मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका.