पितळी बटणावर हरणाचं डोकं आणि वर चार मण्यांचा मुकुट: हे बटण सैन्याचं आहे का?

नाही, हे बहुधा एखाद्या ब्रिटिश बॅरनच्या (सरदारांमधली सर्वांत खालची पदवी) घरच्या नोकरांच्या गणवेशाचं बटण आहे. पिळाच्या पट्टीवरचं (कापडाच्या पिळासारखी दिसणारी आडवी पट्टी) हरणाचं डोकं हा घराण्याचा क्रेस्ट, म्हणजे घराण्याची खूण. मालकाचा दर्जा मात्र मुकुटावरून कळतो. बॅरनच्या मुकुटाला 6 मणी असतात, चित्रात समोरचे 4 दिसतात. अर्लचे (बॅरनपेक्षा वरच्या पदवीचा सरदार) मणी उंच टोकांवर असतात आणि मधे स्ट्रॉबेरीची पानं. नुसत्या क्रेस्टवरून घराणं ठरवू नका, हरणाचं डोकं अनेक घराण्यांनी वापरलंय. फेअरबेर्नच्या क्रेस्टकोशातून नावं काढा, मग त्यांत बॅरन कोण होते ते पाहा. मागे ‘फर्मिन, लंडन’ असं कोरलेलं असेल तर ते बनवणाऱ्याचं नाव, मालकाचं नव्हे. आणि कृपा करून पॉलिश लावून घासू नका, मुलामा असेल तर तो कायमचा जातो.