निर्वासितांना कुठे पाठवायचे?

प्रश्न : निर्वासितांवर विद्यापीठांत ढिगाने शोधनिबंध निघतात. त्यांच्यामुळे सरकारी निर्णय कधी बदलतो का? मी समाजशास्त्र शिकवते. विद्यार्थी हेच विचारतात.

उत्तर : बदलतो, पण अधिकाऱ्याने उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे निबंधातून कळले तर. विद्यार्थ्यांना स्वित्झर्लंडचे उदाहरण सांगा. तिथे आश्रय मागणाऱ्यांची २६ कॅन्टनांत, म्हणजे तिथल्या राज्यांत, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी होते. कोण कुठे जाणार, हे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत आले. त्यामुळे फ्रेंच बोलणारा माणूस जर्मनभाषक कॅन्टनात जाऊन पडे. त्याच्यासाठी हे वाईटच. संशोधकांना मात्र यातून खरी तुलना मिळाली. लोक मर्जीने जागा निवडतात, तेव्हा शिकलेले, ओळखीपाळखीचे लोक ठरावीक शहरांत जमतात आणि श्रेय शहराला मिळते. इथे तो घोळ नव्हता.

झुरिक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुन्या नोंदी घेतल्या : वय, लिंग, मूळ देश, भाषा, येण्याची वेळ, कॅन्टन, नोकरी. त्यांवरून प्रत्येकाला कोणत्या कॅन्टनात काम मिळण्याची शक्यता किती, ते काढले. मग कुटुंब न तोडता, कॅन्टनांचा कोटा सांभाळून जुळणी केली. २०१३ साली आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षी शंभरात १५ जणांना काम होते. या जुळणीने ते २६ झाले असते, असा हिशेब निघाला. निबंध २०१८ साली आला आणि त्याच वर्षी तिथल्या स्थलांतर सचिवालयाने प्रत्यक्ष चाचणी हाती घेतली.

विद्यार्थी इथेच चुकतात : शंभरात २६ हा कागदावरचा आकडा आहे. जुळणी करणारे संगणकाचे सूत्र जुन्या नोंदींवर शिकते. रोजगार बदलला किंवा नोंदींत नसलेल्या देशाचे लोक आले, की अंदाज ढासळतो. म्हणूनच काहींची वाटणी नव्या पद्धतीने, काहींची जुन्या पद्धतीने करून ताडून पाहावे लागते. शिवाय मोजली ती फक्त नोकरी. प्रकृती, मुलांची शाळा, माणसाची स्वतःची इच्छा हिशेबात नाही. आम्हाला ही उणीव फार मोठी वाटते.

याच गटातल्या संशोधकांचा २०१६ चा निष्कर्ष वापरायला अधिक सोपा आहे. अर्जाच्या निकालासाठी एक वर्ष जास्त थांबावे लागले, तर पुढे शंभरामागे ४ ते ५ जण कमी कामाला लागतात. यावर उपाय करायला सूत्र लागत नाही. मुलाखत घेणारे अधिकारी आणि दुभाषे वाढवावे लागतात.