बॉय सोडायला शिकताय? आधी स्थिर तरंगा

स्कूबा डायव्हिंगमध्ये पाण्याखालून बॉय (हवा भरून वर सोडायचा, दोऱ्याला बांधलेला खुणेचा फुगा) कसा सोडायचा, हे आत्ताच विचारलंत ते बरं झालं. मालवणला पाणी गढूळ असलं की वरच्या होडीवाल्याला तुम्ही दिसत नाही, हा केशरी बॉयच दिसतो.

पण त्याला हात लावण्याआधी ५-६ मीटर खोलीवर हातपाय न मारता एका जागी तरंगता येतं का बघा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. नजर बॉयवर, श्वास रोखलेला, आणि आपण वर कधी निघालो ते कळतच नाही.

ते जमलं की एवढंच:

- रील (दोरा गुंडाळलेली चकरी) जॅकेटला अडकवू नका, हातात धरा. माझा दोरा एकदा अडकला आणि बॉय मलाही ओढायला लागला. रील हातात होती, म्हणून सोडून देता आली.
- बॉय गच्च भरू नका. १० मीटरवर दाब २ बार, वर १ बार. म्हणजे खाली अर्धा भरलेला बॉय वर जाऊन पूर्ण फुगतो.
- सोडण्याआधी वर बघा. होडी असेल, दुसरा डायव्हर असेल.

बॉय वर पोचल्यावर दोरा ताणलेला ठेवा, नाहीतर तो आडवा पडतो.

खोलवरून सोडणं, एकट्याने सोडणं सध्या डोक्यातून काढा. पहिला प्रयत्न प्रशिक्षकासोबत पूलमध्येच करा. दोरा गुंतेल. माझा तर सोडवायला अख्खी दुपार गेली होती.