४ जीबी टाकली, ३.२५ च दिसते

प्रश्न : यावलला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ४ जीबी रॅम टाकली, पण विंडोज ७ म्हणतं ३.२५ जीबीच वापरता येईल. रॅम विकणाऱ्याने फसवलं का?

उत्तर : नाही हो भाऊ, भांडायला जळगाव गाठू नका. तुमची विंडोज ३२ बिटची दिसते. मेमरीतली जागा शोधायला तिच्याकडे पत्ते (अ‍ॅड्रेस) एकूण ४ जीबीपुरतेच. त्यातलेच काही ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड वगैरे अडवतात, मग तेवढ्या रॅमला पत्ताच उरत नाही. प्रोसेसरला ६४ बिट चालत असेल तर ६४ बिटची विंडोज टाका. मात्र आधी प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ६४ बिटचे ड्रायव्हर (ती यंत्रं चालवणारी सॉफ्टवेअर) शोधून ठेवा. भुसावळच्या माझ्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं तिथेच अडकतात. मदरबोर्डवरचं ग्राफिक्स असेल, तर थोडी रॅम ते तरीही खाणारच.