साहेबांनी बोलावलं की पोटात गोळा

प्रश्न : कपातीत माझी नोकरी गेली. आता नवी मिळालीय, काम अगदी मनासारखं आहे, माणसंही चांगली. तरी साहेब ‘जरा आत या’ म्हणाले की पोटात गोळा येतो. हे कधी थांबणार?

उत्तर : थांबेल, पण आपोआप नाही. मागच्या ठिकाणी ‘जरा आत या’नंतरच हातात पत्र पडलं असणार, शरीर ते विसरत नाही. अंदाज बांधत बसण्यापेक्षा साहेबांनाच विचारा, प्रोबेशन संपेपर्यंत माझ्याकडून नेमकं काय हवंय? उत्तर मिळालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका, ‘आपलं असं असं ठरलं’ म्हणून. शिवाय दर पंधरवड्याला त्यांची दहा मिनिटं मागून घ्या. आत जाणं नेहमीचंच झालं की धास्ती कमी होते.

आणि हो, रात्री उशिरापर्यंत बसून निष्ठा दाखवायचा मोह होईल. नका हो! कपातीत बहुतेकदा पदंच रद्द होतात, तिथे कोण किती वाजता घरी गेलं याला फारसं कुणी विचारत नाही. जुन्या ऑफिसबद्दल विचारलंच, तर ‘तिथे कपात झाली’ एवढं पुरे. डबा खाताना रामकहाणी नको.